फिरू तर फिरू कुठी?

आमच्या वहिनींना डॉक्टरांनी चालायला सांगितले, तिथून ही गोष्ट सुरू होते. वहिनींचे वय अठ्ठेचाळीस, उंची पाच फुटांच्या आतबाहेर, वजन बहात्तर किलो. गुडघे कुरकुरू लागले म्हणून दवाखान्यात गेल्या आणि रक्त तपासल्यावर त्यात साखर सापडली. डॉक्टर भला माणूस. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, गोड कमी करायला सांगितले आणि चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ लिहिली : रोज पाऊण तास भरभर चालणे. वहिनींनी ती चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, गोळ्या तं मेडिकलात भेटतात. हे चालणं कुठी भेटते? फिरू तर फिरू कुठी, ते सांगा."

मी नेहमीचे उत्तर दिले. मनात असले की माणूस कुठेही फिरतो, वगैरे. मग वहिनींनी मला दिग्रसचा नकाशा तोंडी समजावून सांगितला आणि माझी बोलती बंद झाली. पहाटे पाचला निघावे तर अंधार आणि कुत्री. सहानंतर नळाची वाट पाहणे, मग डबे, मग पूजा-स्वयंपाक. दुपारी वऱ्हाडातले ऊन. संध्याकाळी मोकळे व्हावे तर मोठ्या रस्त्यावर एसट्या, ट्रक, सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर आणि दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या. कडेचा चालण्यापुरता पट्टा असतो, पण तो मोटारसायकली, हातगाड्या आणि दुकानांच्या पाट्यांनी भरलेला. धावंडा नदीच्या काठाने जावे तर दिवेलागणीला बाईमाणसाने एकटीने जावे अशी ती जागा नाही. अरुणावती धरणाकडचा रस्ता छान, हवेशीर. पण तिथे पायी फिरायचे तर आधी मोटारसायकलवर बसून जावे लागते! आणि खरी अडचण त्यांनी सर्वांत शेवटी सांगितली. "हातात पिशवी नसली ना, की जो भेटते तो विचारते, वहिनी, कुठी चालल्या?" म्हणजे बाईला रस्त्यावर दिसायला काहीतरी काम लागते. नुसते चालणे हे काम होत नाही.

वहिनी मग गच्चीवर फिरू लागल्या. पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत बावीस पावले. फेऱ्या तुळशीच्या माळेवर मोजायच्या. तीन महिन्यांत दीड किलो वजन उतरले. मग पावसाळा आला, गच्ची शेवाळली, आणि ते दीड किलो जसे गेले होते तसे परत आले.

लठ्ठपणावर लिहायला बसले की आमच्या जिल्ह्यात आधी थोडे खजील व्हायला होते. यवतमाळचे नाव देशाने ऐकले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. जिथे कापूस वेचणाऱ्या बायांच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकतात, तिथे चरबीची चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटत असे. तो गैरसमज आकड्यांनी काढला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के प्रमाणाबाहेर कृश आढळल्या, आणि २३.४ टक्के प्रमाणाबाहेर वजनदार. म्हणजे या राज्यात आता वाळलेल्या बायांपेक्षा सुटलेल्या बाया अधिक आहेत. पुरुषांत हे वजनदारांचे प्रमाण २४.७ टक्के. हा मुंबई-पुण्याचाच खेळ आहे म्हणावे, तर साऱ्या देशातील खेड्यांमधल्या स्त्रियांतही जवळजवळ पाचातली एक वजनदार निघाली. १९९८-९९ च्या पाहणीत, शहरे-खेडी मिळून, हे प्रमाण विवाहित स्त्रियांत दहातली एक असे होते. आता सगळ्या स्त्रियांत ते चारातली एक झाले आहे. आणि महाराष्ट्रातली पाच वर्षांच्या आतली लेकरे? वजनदार बालकांचे प्रमाण दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले.

या पाहणीत वापरलेले माप जगाचे आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे आणि उत्तर २५ च्या वर आले की वजनदार म्हणायचे. आपल्या देशातले डॉक्टर मात्र २३ लाच धोक्याची घंटा वाजवतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर ओलांडली, की वजनाचा काटा काही म्हणो, सावध व्हावे असे ते सांगतात. ही मापे आपल्यासाठी निराळी का, याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, आणि ते उत्तर आमच्या जिल्ह्याला फार लागू पडते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाया आणि त्यांना होणारी मुले यांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः हडकुळी, सरासरी पावणेतीन किलोच्याही आत. इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिले तेव्हा दिसले, की आपल्या बाळांत स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र जवळजवळ शाबूत! बाहेरून काटकुळे, आतून मेदाळ. त्यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक छायाचित्र छापले. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचे उंची-वजनाचे गुणोत्तर अगदी सारखे, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

याचा अर्थ असा, की उपासमार आणि लठ्ठपणा हे एकमेकांचे शत्रू नाहीत, सख्खे भाऊ आहेत. आईच्या पोटात जे बाळ अर्धपोटी वाढते, ते पुढे खाण्यापिण्याचे दिवस आले की मिळालेले सारे चरबीच्या पेटीत टाकते. त्याच सहा खेड्यांत असेही दिसले, की ज्या बायांच्या गरोदरपणीच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूध होते त्यांची बाळे भरलेली होती, आणि ज्यांना त्या काळात अंगमेहनतीची कामे जास्त करावी लागली त्यांची लहान. तेव्हा कापूस वेचणारी ती बाई आणि गच्चीवर फिरणारी आमची वहिनी या दोन टोकांच्या दोघी नाहीत. वहिनींची आई शेतमजूर होती. वहिनी जन्मल्या तेव्हा किती किलोच्या होत्या हे कोणी मोजून ठेवले नाही, पण आजी सांगत, सुपात ठेवली तर दाण्यासारखी दिसे.

म्हणूनच "आमच्या वेळी कोणी लठ्ठ नव्हते" हे वाक्य मी हल्ली जपून वापरतो. नव्हते हे खरे. पण ते आमच्या संयमामुळे नव्हे. आम्हाला चालवणारे, वाकवणारे, उचलायला लावणारे गाव भोवती होते. पाणी विहिरीवरून, दळण डोक्यावरून, शाळा पायी, शेत पायी, सिनेमा पायी. आजोबा तीन कोस चालून लग्नाला जात आणि चालत परत येत. त्याला ते व्यायाम म्हणत नसत, लग्नाला जाणे म्हणत. त्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा भर उन्हाळ्यात दोन हंडे घेऊन विहिरीची वाट चालून पाहावी. नळ आला, गिरणी आली, गॅस आला, हे चांगलेच झाले. बायांची कंबर मोडणारे कष्ट गेले याचे कोणाला दुःख असेल तर ते पुरुषालाच असेल. पण कष्ट गेले तेव्हा त्यांच्याबरोबर हालचालही गेली, आणि तिच्या जागी काही ठेवायचे असते हे कोणाच्या ध्यानात आले नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने दाखवले, की भारतातील जवळपास निम्मे प्रौढ आरोग्यापुरतीही हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. आणि आपण समजतो, बाया घरकामात दिवसभर राबतात, त्यांना कसला व्यायाम हवा!

हे झाले हालचालीचे. खाण्याचे गावही तसेच बदलले. आमच्या घरापासून शाळेपर्यंत सहाशे मीटर अंतर आहे. परवा मुद्दाम चालत गेलो आणि वाटेवरची दुकाने मोजली. सात दुकानांच्या दारात पाच-पाच, दहा-दहा रुपयांच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, बरोबर आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर. तीन ठिकाणी आलुबोंडे-समोसे, एका ठिकाणी तर्री-पोहे. फळांची गाडी एक, तीही शाळेपासून दूर, बाजाराच्या तोंडाशी. पूर्वी शाळेबाहेर म्हातारी बोरे, चिंचा, आवळे, उकडलेल्या शेंगा घेऊन बसे. ती गेली आणि तिच्या जागी कोणी आले नाही असे नाही; माळा आल्या.

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरखर्चाच्या पाहणीतला एक आकडा वाचून मी दोनदा चष्मा पुसला. ग्रामीण भारतातला माणूस महिन्याच्या खर्चातला पाच टक्क्यांहूनही किंचित कमी भाग धान्यावर करतो, आणि पेये, तयार खाणे व पाकीटबंद पदार्थ यांवर साडेनऊ टक्क्यांहून अधिक. यात हॉटेलातला चहा आणि विकतचे जेवणही धरलेले आहे आणि रेशनमुळे धान्य स्वस्त पडते हेही खरे. तरी ज्वारी-गव्हाच्या दुप्पट खर्च पुड्यांवर आणि पेयांवर, ही गोष्ट आमच्या आजीला सांगितली असती तर तिने मला खुळ्यात काढले असते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा साखरेच्या फसफसणाऱ्या पेयांवर ४० टक्के कर बसला हे बरे झाले. पण त्याच वेळी बिस्किटे, चॉकलेटे, शेवचिवडा आणि झटपट शेवया ५ टक्क्यांवर आल्या. सरकारने एका हाताने पोराच्या हातातली बाटली काढली आणि दुसऱ्या हाताने पुडा दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये घरातले तेल दहा टक्क्यांनी कमी करा असे आवाहन केले होते. वहिनींनी ते इमानाने ऐकले, फोडणीतले तेल मोजू लागल्या. पण पुडीतले तेल कोणी मोजायचे?

कायदा नाही असे समजू नका. महाराष्ट्र सरकारने २०१७ च्या मे महिन्यातच शाळांच्या उपाहारगृहांत चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ विकू नयेत असा निर्णय काढला. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केला, की असे पदार्थ शाळेत तर नकोतच, शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंतही नकोत. पन्नास मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावले. मी ती पावले टाकली तेव्हा सातांपैकी दोन माळा आतच लोंबत होत्या. दुकानदार ओळखीचा. त्याला नियम सांगितला तर म्हणाला, "बाप्पा, हे तं मले आजच समजलं. पण मी काढल्या तर पोट्टे पुढच्या दुकानात जातीन. साऱ्यायले सांगा, मंग मीबी काढतो." मला त्याचा राग आला नाही. त्याने एका वाक्यात तेच सांगितले, जे मी इतकी पाने खर्चून सांगतो आहे. एकट्याने सुधारणे ही शिक्षा असते. सगळ्यांनी मिळून सुधारले तर ती नुसती पद्धत होते.

आपल्याकडे लठ्ठपणाची जी चळवळ खरोखर घराघरांत पोचली, तिच्याकडेही या नजरेने पाहावे. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा, मध्ये काही खाऊ नका आणि रोज पंचेचाळीस मिनिटे चाला, असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. मूळ कल्पना मात्र आपल्या विदर्भाची. २००४ मध्ये अपघातात गेलेल्या डॉ. श्रीकांत जिचकार यांची. २०१९ च्या सुमारास राज्य सरकारने लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेसाठी दीक्षितांना सदिच्छादूत नेमले आणि मग दोनदा खावे की दर दोन तासांनी थोडे थोडे, यावर ऋजुता दिवेकरांचे वाचक आणि दीक्षितांचे श्रोते यांच्यात पानीपतच झाले. कोणाचे शास्त्र बरोबर या वादात मला पडायचे नाही. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलूच नयेत. मला त्यात दिसली ती निराळीच गंमत. त्या दोन वर्षांत आमच्याकडे कोणी पाहुणा आला आणि "मी दीक्षित करतो" म्हणाला, की यजमानीण मुकाट्याने चहा-बिस्किटांचा ट्रे परत नेई. रुसवा नाही, आग्रह नाही, "एवढ्यानं काय होते" नाही. वऱ्हाडी घरात नुसते "नको" म्हणून चहा चुकवणे अशक्य असते, हे ज्याने दिवाळीनंतर एका दिवसात पाच घरी फराळ केला आहे त्याला सांगायला नको. पोटापेक्षा आग्रह मोठा. त्या चळवळीने लोकांना नाही म्हणायला एक सभ्य शब्द दिला, म्हणजे समाजाची रीतच थोडी सैल केली. माझ्या मते तिचे अर्धे यश त्या शब्दात होते. तो शब्द जुना झाला तसे ट्रे परत आले.

रीत बदलते, जागा मिळते, मग शरीर बदलते, हा क्रम आपल्या वऱ्हाडाला नवा नाही. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी आखाडा काढला. त्याचे पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, आणि १९३६ मध्ये त्या मंडळाची मुले बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आली. तिथे जाणाऱ्या पोराला आज व्यायाम करू की नको असा प्रश्नच पडत नसे. आखाड्याची वेळ झाली की पाय तिकडे वळत. त्याच जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी जागा झाडायची, मग माणसाला सांगायचे. त्यांच्याच नावाने २००० साली तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, आणि पाहता पाहता गावोगावी माणसे फावडी घेऊन रस्त्यावर उतरली. वर्षानुवर्षे घराघराला उपदेश करून जे झाले नव्हते, ते गावाने गावाशी लावलेल्या चुरशीने झाले. स्वच्छतेच्या बाबतीत आपल्याला हे समजते. वजनाच्या बाबतीत मात्र आपण अजून प्रत्येकाला वेगवेगळे गाठून, "जिभेवर ताबा ठेवा हो", असे सांगत बसलो आहोत.

बाहेरच्या जगात ज्यांनी गाव धरून हे काम केले, त्यांची दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. फिनलंडमधल्या उत्तर करेलिया या भागात पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने जात. १९७२ मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टराने तिथे काम सुरू केले. रोग हृदयाचा असला तरी तो दवाखान्यात बसून राहिला नाही. दूधसंघ, मांसाचे कारखानदार, शाळा, दुकाने, आणि मुख्य म्हणजे तिथल्या मार्था नावाच्या गृहिणींच्या संघटना, यांना त्याने गाठले. त्या बायांनी गावजेवणे घातली आणि जुने पदार्थच कमी चरबीत, जास्त भाज्या घालून करून दाखवले. आपल्याकडच्या बचत गटांनी मनावर घेतले तर जे करू शकतील तेच. चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. दुसरे उदाहरण आम्सटरडॅमचे. सायकलींच्या या शहरातही गरीब वस्त्यांतली मुले फुगू लागली होती. २०१३ पासून नगरपालिकेने ठरवले, की हा मुलांचा किंवा आईबापांचा दोष मानायचा नाही, शहराचा मानायचा. शाळांत पिण्याला पाणीच, वाढदिवसाला केकऐवजी दुसरे काही, गोड पेयांच्या कंपन्यांच्या पैशावर मुलांचे सामने नाहीत, खेळायला जागा आणि मुलांच्या झोपेकडेही लक्ष. २०१२ मध्ये वजनदार मुलांचे प्रमाण २१ टक्के होते, ते २०१५ पर्यंत १८.५ टक्क्यांवर आले. फार मोठी उडी नव्हे ही, आणि पुढे सगळीकडे सारखी प्रगती झाली असेही नाही. पण जगभर जो आकडा फक्त वरच जातो, तो तिथे खाली आला.

फिनलंडचे आणि हॉलंडचे पैसे आपल्याकडे नाहीत, हे मान्य. पण दिग्रससारख्या गावाकडे काही गोष्टी आहेत ज्या आम्सटरडॅमकडे नाहीत. गाव एवढे आटोपशीर, की कोणत्याही टोकाहून बाजारात पायी जाता येते. आठवडी बाजारात आजही अंबाडी, चवळी, आंबटचुका, तरोटा येतो, आणि ज्वारी शेजारच्या शिवारात पिकते. आणखी एक गोष्ट आहे तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही : ले-आउटमधली ओपन स्पेस. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एक एकराच्या किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडले, की दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. आमच्या भागात गेल्या तीस वर्षांत किती ले-आउट पडले ते पाहा, म्हणजे किती मैदाने कागदावर पडून आहेत ते कळेल. प्रत्यक्षात तिथे काय दिसते? बाभूळ, बांधकामाची वाळू, कोणाची म्हैस, क्वचित लोखंडी व्यायामाची यंत्रे, ज्यांवर टॉवेल वाळत असतात. यंत्रे नसली तरी चालेल. काटे काढून कडेने पाच फुटी पायवाट आणि चार दिवे, एवढ्याने पन्नास घरांतल्या बायांना फिरायला जागा होते. जिममध्ये महिन्याचे पैसे भरणारी माणसे थोडी. पायवाटेवर सगळेच मावतात.

आता स्वतःची कबुली. माझा नातू तिसरीत आहे, आणि ती सहाशे मीटरवरची शाळा गाठायला तो ऑटोत बसत होता. दर महिन्याला पैसे मोजून आम्ही त्याला न चालण्याची सोय केली होती. कारण खरेच होते. मधला चौक ओलांडताना माझाच जीव वर-खाली होतो, तर पोराचे काय? मागच्या जूनपासून आळीतल्या चार घरांनी ठरवले, की पोरांनी रांगेने चालत जायचे आणि रोज दोन मोठी माणसे बरोबर. पहिल्या आठवड्यात पोरे पाच होती, दुसऱ्यात अकरा झाली, पावसात तीन उरली, दिवाळीनंतर आठ. चौकात हात दाखवून ट्रॅक्टर थांबवण्याचे काम माझ्याकडे आहे आणि निवृत्तीनंतर इतका मान मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. एक पथ्य आम्ही पहिल्या दिवशीच ठरवले : कोणत्याही पोराच्या वजनाचा उल्लेख करायचा नाही. "ढब्बू", "जाड्या" ही नावे आपण लाडाने ठेवतो, पण अशा नावाचे पोर आधी मैदान सोडते आणि मग घरात बसून खाते. हे मी माझ्या धाकट्या भावात पाहिले आहे. त्याला आम्ही सगळे हसत असू, आणि खेळात घेत नसू.

पुड्यांच्या माळांचे काम अर्धेच झाले आहे. त्या दोन दुकानदारांना आणि पलीकडच्या तिघांना एकत्र बसवले. दोघांनी माळा आत हलवल्या, एकाने पुढे चण्या-फुटाण्यांचे आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचे डबे मांडले. चिक्कीत गूळ असतोच, पण निदान शेंगदाणा तरी पोटात जातो. उरलेले दोघे म्हणाले, बघू. एका शाळेने वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याऐवजी वर्गाला एक पुस्तक द्या असे पालकांना सांगितले, तेव्हा सर्वांत जास्त कुरकुर पोरांनी नाही, आज्यांनी केली.

आणि वहिनींचे काय झाले? आमच्याच भागातल्या एका शाळेचे मैदान संध्याकाळी कुलपात असते. मुख्याध्यापकांकडे नऊ बाया एकदम गेल्या. एकटी गेली असती तर अर्ज द्या म्हणाले असते; नऊजणी पाहून त्यांनी खुर्च्या मागवल्या. साडेसहा ते साडेसात मैदान उघडे ठेवायचे ठरले, अट एकच, की किल्ली एकीने सांभाळायची आणि काही मोडले तर भरून द्यायचे. आता त्या रोज नऊजणी, कधी सहा, कधी बारा, मैदानाला फेऱ्या मारतात. तोंडेही पायांइतक्याच वेगाने चालतात. वाटेत कोणी "कुठी चालल्या" विचारत नाही. इतक्या बाया मिळून चालल्या की लोकांना वाटते, कुठे तरी कार्यक्रम असेल. वजन किती उतरले हे मी विचारलेले नाही. गुडघा मात्र आता जिन्यावर कुरकुरत नाही, असे त्यांनीच सांगितले.

गेल्या गुरुवारी मैदानाच्या टोकाचा दिवा गेला. त्या कोपऱ्यात अंधार झाला तेव्हा दोघीतिघी घरी परतल्या आणि बाकीच्यांनी अर्ध्या मैदानातच फेऱ्या मारल्या. शुक्रवारी सकाळी वहिनी आमच्याकडे आल्या, हातात नवा बल्ब. "भाऊजी, निसणी तुमच्याकडची मोठी हाय ना? संध्याकाळी सहाच्या आत पाहिजे," म्हणाल्या, आणि चहा न घेता गेल्या.